निरोप मंडळाचा हात

जहाजांना हात हलवून हलवून मित्सुए ओनोदेराचा उजवा दंड डाव्यापेक्षा चार बोटं लांब झाला होता. मोजमाप गेंजो मासळीवाल्याचं, त्यामुळे आपण दोनच बोटं धरू. पण दोन नक्की. एकोणीस वर्षं ती हाकोदातेच्या निरोप मंडळाची प्रमुख होती, आणि या बंदरात आलेलं एकही जहाज तिनं कोरड्या हातानं जाऊ दिलं नव्हतं.

शहराच्या नकाशात प्रेक्षणीय स्थळांना आकडे आहेत. एक नंबर डोंगरावरून दिसणारं शहर, दोन नंबर चांदणीच्या आकाराचा किल्ला, मग लाल विटांची गोदामं, सकाळचा मासळीबाजार, समुद्रात उतरणारा चढ, असं करत करत बारा नंबरला निरोप मंडळ. म्हणजे मित्सुए हीसुद्धा एक स्थळच होती. फक्त किल्ल्याचे खांदे दुखत नाहीत.

त्या दिवशीचं जहाज अकरा मजली होतं. सकाळी आठला त्यातून ओसाका-कोबेकडची माणसं उतरली, बहुतेक सत्तरीपुढची, आणि सहा तासांत बाराही स्थळं उरकायला धावली. धक्क्यावर नकाशे वाटायलाही मित्सुएच.

"तो फोटोतला चढ कुठं आहे हो?"

"समोरच. दिसेल तो चढच आहे, आजी."

"सोपा चढ नाही का एखादा?"

"आहे ना. वरून खाली येताना तोच सोपा होतो."

हे उत्तर ती एकोणीस वर्षं देत होती. लोक हसायचे. तिला हसू येणं कधीच बंद झालं होतं, त्यातून आज तर नाहीच. कारण त्याच चढावर तिचं घर होतं, आणि त्याच चढानं तिच्या धाकट्या बहिणीचे, तामायोचे, गुडघे खाल्ले होते. दोघी विधवा, अकरा वर्षं एका चुलीवर जेवलेल्या. आता तामायोच्या मुलानं सप्पोरोत, त्याच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात तिच्यासाठी खोली घेतली होती. सपाट जमीन, लिफ्ट, दारात दवाखाना. गाडी चार चाळीसची. जाणारं माणूस परत येणार नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक होतं, म्हणून त्याविषयी कुणीच बोललं नव्हतं.

सकाळी तामायो एवढंच म्हणाली होती, "ताई, जगाला निरोप देतेस. मला द्यायला येशील ना?"

"जहाज तीनला सुटतं. सव्वातीनला मोकळी होते. स्टेशन तर धक्क्याच्या पाठीलाच आहे."

"तू म्हणतेस म्हणजे येशील," तामायो म्हणाली. म्हणजे तिचा विश्वास नव्हता.

तीनला दोर सुटले. निवृत्त बंबवाल्यांच्या बँडनं निरोपाची धून उचलली. गेंजोनं डोक्यावर माकुळाची टोपी चढवली, पांढरी, टोकदार, बाजूंनी दहा पाय लोंबणारी, आणि त्याच्यामागे वीसेक माणसांनी या गावाचा माकुळाचा नाच सुरू केला. मित्सुएनं हात वर केला. साठ हात तिच्या हातामागे वर गेले. जहाजाच्या कठड्यावर चारशे हात हलायला लागले. जहाज धक्क्यापासून सुटलं, हाकेच्या अंतरावर गेलं आणि थांबलं.

थांबलं ते थांबलंच. धक्क्यावर लख्ख ऊन होतं, पण बाहेर सामुद्रधुनीत धुकं इतकं दाट उतरलं होतं की एक समुद्रपक्षी त्यात घुसला आणि चालत परत आला. कप्तान धुकं विरायची वाट पाहत बसला.

आता मंडळाचा नियम एकच: जहाज बांधाच्या टोकावरचं दीपगृह ओलांडेपर्यंत हात खाली येत नाही. जाणाऱ्याला वळून पाहिल्यावर कुणाची पाठ दिसता कामा नये. आणि मंडळाचा हात म्हणजे मित्सुएचा हात. तो हलतोय तोवर बाकीचे हलणार. एका दुसऱ्या बंदरात म्हणे प्रमुख बाईनं नाक शिंकरायला हात खाली घेतला होता. त्या गावाचं नावही आपल्याकडे कुणी घेत नाही.

साडेतीन वाजले. नाच अकराव्यांदा संपला आणि बाराव्यांदा सुरू झाला.

"मित्सुएबाई," गेंजो नाचता नाचता धापा टाकत म्हणाला, "खरे माकूळसुद्धा एवढे नाचत नाहीत हो. त्यांना आम्ही लवकर मारून टाकतो."

"बोलू नकोस. हसऱ्या तोंडानं नाच."

"तोंड हसतंय. गुडघे रडतायत."

कर्णा वाजवणाऱ्या म्हाताऱ्या बंबवाल्याच्या तोंडातून वरची कवळी निसटली आणि थेट पाण्यात गेली. त्यानं धून सोडली नाही, फक्त सूर जरा वाऱ्यावर गेला. पुढच्या हंगामात बाजारात दात असलेला माकूळ आला होता, असं गेंजो सांगतो. आला असेल.

मित्सुएच्या खांद्यात आधी मुंग्या होत्या, मग आग, मग काहीच नाही. तिनं डाव्या हातानं उजवं कोपर खालून धरलं होतं. पाठीमागे स्टेशनचं छप्पर होतं. वळून पाहता येत नव्हतं, पण फलाटावरची प्रत्येक घोषणा कानावर येत होती.

चारला पर्यटन कचेरीचा कुराहाशी पळत आला. चाळिशीचा माणूस, गळ्यात ओळखपत्र, कपाळावर घाम.

"ओनोदेराबाई, जहाजाच्या कचेरीशी फोनवर बोललो. ते म्हणतात, प्रवासी फार दमलेत. सगळं शहर पायी फिरून आलेत, पाय सुजलेत, आत गरम जेवण वाढलंय."

"मग जाऊ द्या ना त्यांना आत!"

"ते म्हणतात, खालची माणसं इतक्या प्रेमानं उभी आहेत, त्यांच्याकडे पाठ कशी फिरवायची? खालचे थांबले की आम्ही थांबतो."

"आणि आम्ही?"

"आपला नियम तर दीपगृहाचा... म्हणजे फार तर वरचे थांबले की."

मित्सुएनं पुन्हा जहाजाकडे पाहिलं. हात हलतच होता. समोर चौथ्या मजल्यावर तपकिरी टोपीतली एक म्हातारी तिच्यासारखंच डाव्या हातानं उजवं कोपर धरून हात हलवत होती. दोघींची नजरानजर झाली असावी. दोघींनीही हात आणखी जोरात हलवला. काय करणार?

"कुराहाशीसाहेब, चार चाळीसला माझी बहीण जातेय. कायमची. माझ्या जागी तुम्ही उभे राहा."

"मी? बाई, मी सरकारी माणूस. सरकारचा हात वर गेला तर त्याला परवानगी लागते. साहेबांना विचारावं लागेल, आणि साहेब तर त्या डोंगरावर पाहुण्यांना घेऊन..."

"गेंजो, तू तरी."

"मी आज माकूळ आहे, बाई. दहा पाय लावलेत. कुठला हात म्हणून दाखवू?" मग तो नाचायचा थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, "तामायो आज जातेय? बोलला नाहीत तुम्ही."

"बोलून काय गुडघे बरे होणार होते?"

चार वाजून अठरा मिनिटांनी सप्पोरोची गाडी फलाटाला लागल्याची घोषणा झाली. मित्सुएनं जहाजाकडे पाहिलं. जहाज होतं तिथंच होतं. धुकंही. तिनं फार विचार केला असं नाही. विचार करायलाही खांदा लागतो, आणि तिचा संपला होता. हात खाली आला. तिनं आणला की तो आपला पडला, हे तिला पुढंही सांगता आलं नाही.

तिला वाटलं होतं, आता साठही हात खाली येतील आणि वरून चारशे माणसांचा सुटकेचा निःश्वास ऐकू येईल. साठ हात क्षणभर अडखळले. मग कुणाचा तरी एक पुन्हा हलला, आणि शेजाऱ्याचा हलतोय म्हटल्यावर सगळेच हलायला लागले. वर चारशे तसेच. प्रमुखाशिवाय मंडळ चालू राहिलं. एकोणीस वर्षांत हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

आता नुसतं निघून जायचं तर पळता आलं असतं. पण आपल्याकडे काम चालू असताना सोबत्यांच्या आधी उठणाऱ्यानं माफी मागूनच उठायचं असतं, आणि तिथं साठजण रांगेत होते. सगळ्यांना मिळून एकदाच वाकून निघणं मित्सुएला सुचलं नाही. सुचलं असतं तरी ती तशी निघाली नसती.

"तुमच्याआधी निघते, माफी असावी."

"दमलात हो, बाई."

"तुमच्याआधी निघते, माफी असावी."

"दमलात हो. सांभाळून जा."

"तुमच्याआधी..."

प्रत्येकापुढे वाकून, प्रत्येकाचं वाकणं होईपर्यंत थांबून. विसाव्या माणसापाशी तिच्या कमरेत चमक निघाली. चाळिसाव्यापाशी आवाज बसला. कर्णेवाल्यानं कवळीशिवाय काहीतरी मायेचं म्हटलं, ते कळलं नाही. रांगेच्या शेवटी गेंजो उभा होता.

"मला वाकू नका. माकुळाला कोण वाकतं? पळा!"

ती त्यालाही वाकली आणि मग पळाली. बहात्तर वर्षांची बाई, एक हात शरीराला बांधून ठेवल्यासारखा लोंबतोय, गळ्यात मंडळाचा निळा पट्टा. फलाटावर आली तेव्हा चार अडतीस झाले होते.

तामायो डब्याच्या दारातच उभी होती, आत बसायचं सोडून, काठीला रेलून.

"आलीस?"

"आले."

"जहाज एकदाचं गेलं म्हणायचं."

"नाही गेलं. उभं आहे."

तामायोचं तोंड उघडंच राहिलं. "उभं आहे आणि तू इथं? ताई, वेड लागलं का? अख्खं जहाज तसंच टाकून आलीस? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत."

"परत जा बघू. मी काय, जाईन माझी मी."

"तिथं साठजण आहेत," मित्सुए म्हणाली. "इथं कोण आहे?"

तामायोनं फलाटावर इकडून तिकडे पाहिलं. एक हमाल होता, तोही पाठमोरा. तिनं काठी दुसऱ्या हातात घेतली आणि काहीतरी बोलायला लागली. तेवढ्यात घंटी वाजली.

"भाताचं भांडं भिजत घातलंय," ती घाईनं म्हणाली. "मोठं. आता छोटं काढ हं. एकटीला मोठ्यात करपतो."

"बरं."

दार मिटलं. काचेआडून तामायो हात हलवायला लागली. मित्सुएनं हात उचलायला घेतला. उचलला गेला नाही. डावा उचलावा तर त्यातही जीव नव्हता, आणि डाव्या हातानं आपल्या माणसाला निरोप कुणी दिलाय? ती नुसती उभी राहिली. गाडी हलली. तामायो काचेला नाक लावून हात हलवत राहिली, डबा वळेपर्यंत. त्या वेळी ती हसत होती की रागावली होती, हे काचेवरच्या वाफेनं कळू दिलं नाही.

गाडी गेली. मित्सुए बाकावर बसली. उजवा हात तिनं डाव्यानं उचलून मांडीवर ठेवला, झोपलेलं पोर ठेवावं तसा. छपरापलीकडून बँड ऐकू येत होता, एक सूर वाऱ्यावर गेलेला. धून संपली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. घरी जायची ट्राम आली, गेली. दुसरीही गेली. चढ चढायचा होता. ती म्हणाली, बसू जरा.