लिनबाबाचं पान

आमच्या लोधिवलीत शेवया म्हणजे गूळ आणि दूध. चैत्रात आई त्या हाताने वळायची, खाटेवर वाळवायची आणि डब्यात भरून ठेवायची. पाहुणा आला की खीर. शेवयांना मीठ लावायचं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. म्हणून सर्वपित्रीच्या सकाळी हिरामणदादाने तो डबा फळीवरून उतरवला आणि मला विचारलं, "इंदे, लसूण कुठाय गं?" तेव्हा बोटीवर राहून आमच्या दादाचं डोकं फिरलं, अशी माझी खात्रीच झाली.

महायुद्ध संपता संपता दादा मुंबईच्या गोदीतून बोटीवर चढला होता, भटारखान्यात भांडी घासायला. परतला तो यंदा, भात लावून झाल्यावर. मधल्या काळात आमचा बाप, येसाजी, गेला. दादा आला तो एक पत्र्याची पेटी आणि बंद तोंड घेऊन. आई विचारायची, "तिकडं काय खायचास रं?" हा म्हणायचा, "मिळंल ते." मला असा राग यायचा! इतकी वर्षं आईने वाट बघितली, आणि हा बोलायलाही तयार नाही.

त्या दिवशी मात्र तो बोलला.

"आये, बाबाच्या पानाशेजारी अजून एक पान वाढायचं हाय. लिनबाबाचं. आमच्या बोटीवरचा आचारी. चीनचा म्हातारा."

आई वडे थापत होती, ती थांबली.

"मला ताप भरला व्हता. समदे म्हनाले, हा काय जगत नाय, पुढल्या बंदरात उतरवून टाका. लिनबाबानं मला भटारखान्यामागं निजवलं. काड्यांनी एकेक शेवई तोंडात घातली माझ्या. मी उठलो, नि पुढल्या वर्सी तोच गेला. समुद्रात सोडला त्याला. ना बायको, ना पोर. त्याला पान कोन वाढनार, आये?"

"मरताना काय बोलला?"

"येकच. घरी जा, घरी जा."

आईने पदराने कपाळ पुसलं. आमच्याकडे गेलेल्या माणसाला जे आवडायचं तेच पानात वाढतात. बाबाच्या पानात तर विडीसुद्धा होती. "मग खीर वाढ की," ती म्हणाली.

"त्यो गोड खायचा नाय. ह्येच खायचा."

"माझ्या चुलीवर शेवयांना मीठ नाय लागायचं," आई म्हणाली. आणि मग जरा हळू, "अंगनात दगड मांड."

दादाने तीन दगड मांडले, लोखंडी कढई घेतली. शेवया उकळत्या पाण्यात टाकून लगेच बाहेर काढल्या आणि वर गार पाणी ओतलं. कांदा, मिरच्या आणि पडवळ त्याने इतकं बारीक, लांब चिरलं की तेही शेवयांसारखंच दिसायला लागलं. मग पेटीतून एक चपटी बाटली काढली. तळाशी थोडासा काळा रस उरला होता. कसल्याशा डाळीचा, खारट, लिनबाबाने दिलेला. आमच्या खाऱ्या सुक्या मासळीच्या वासाच्या जवळपास जाणारा, पण वेगळा.

जाळ इतका वाढवला की आई ओरडली, "आरं, घर पेटवतोस का काय!" तेल धुरायला लागल्यावर लसूण पडला, मग मिरच्या, मग भाजी. शेवया पडल्या आणि दादाने फडक्याने कढईचा कान धरून एक हिसका दिला. सगळ्या शेवया हवेत उडाल्या. जाळ कढईत शिरला, शेवयांभोवती फिरला आणि विझला. शेवया परत कढईत आल्या, एकही बाहेर नाही. पुन्हा हिसका, पुन्हा जाळ. आमचा मुका दादा हसत होता आणि ओठांतल्या ओठांत परक्या भाषेत काहीतरी म्हणत होता. मी आ वासून बघत राहिले. देवळात आरतीच्या वेळी वाटतं तसं मला वाटलं, खोटं कशाला सांगू.

शेवटी काळा रस ओतला. बाटली रिकामी झाली.

गोठ्याच्या कौलांवर दोन पानं ठेवली. बाबाच्या पानावर कावळा लगेच आला. आमच्या बापाला जेवणासाठी थांबणं कधी जमलंच नाही. शेजारच्या पानाकडे मात्र कुणी फिरकेना. कावळे आंब्यावर बसून बघत होते. कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही, त्यामुळे आम्ही सगळे उपाशी.

कुंपणापलीकडून गोमाकाका म्हणाले, "हिरामणा, मराठी कावळ्याला चिनी जेवन नाय रं चालायचं!"

एरवी मी हसले असते. पण दादाचा चेहरा बघवत नव्हता. तो हात जोडून उभा होता. "माझ्या हातचं घेत नाय त्यो," तो म्हणाला. "बाबाला मातीबी देता आली नाय, नि आता ह्योबी उपाशी चालला."

असं झालं की आमच्याकडे मेलेल्याला शब्द द्यावा लागतो. पोरीचं लग्न लावू, म्हातारीला सांभाळू, ज्यात त्याचा जीव अडकला असेल ते बोलावं लागतं. पण समुद्रात गेलेल्या या माणसाचा जीव कशात अडकला असणार, आणि त्याला कुठल्या भाषेत सांगायचं?

आई ओटीवरून उतरली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि गोठ्यापाशी जाऊन उभी राहिली.

"लिनबाबा," ती म्हणाली, "मी ह्याची आय. पोर घरी पोचलं हाय. धड हाय. माझ्यापाशी हाय. आता जेवा तुमी."

एक कावळा आंब्यावरून उतरला. कौलावर दोन उड्या मारल्या, मान तिरकी केली आणि पानातली एक लांब शेवई चोचीत धरून ओढली.

गोमाकाकांनी डोक्यावरची टोपी काढली. दादा तिथेच मातीत बसला आणि परत आल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडला. आईने त्याला रडू दिलं. मग त्याच्याजवळ बसली आणि त्या तीन दगडांवरच्या कढईकडे बोट दाखवलं.

"वाढ मला," ती म्हणाली. "माझ्या पोराला काय खाऊ घालून जगवलं त्यानं, ते बघू दे."