लाल सरबत आणि उघडं दार

मित्रांनो, मी एक जुना, हट्टी आणि लाल सरबताचा शौकीन यंत्र-नियंत्रक आहे. थायलंडमधल्या महाचाय बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात, भिंतीवरच्या पत्र्याच्या पेटीत माझा मुक्काम. लाद्या फोडणारं राक्षसी यंत्र माझ्या हुकमावर फिरतं. मी थांबलो की भरतीसुद्धा थांबते. खोटं वाटत असेल तर समुद्राला विचारा.

मला अक्कल दिली इंजिनीअर चोमनाटने. ती आली आणि आधी नुसती बसून राहिली, कामगारांचे हात कुठे कुठे जातात ते बघत. मग माझ्या डोक्यात एकेक आज्ञा लिहिली. पहिलीच आज्ञा अशी: यंत्राचं दार उघडं असेल, तर पाती फिरणार नाहीत.

कामगारांचा माझ्यावर भारी जीव. रोज सकाळी पेटीवर नळी घातलेली लाल सरबताची बाटली ठेवून हात जोडायचे. यंत्रातला आत्मा खूश राहायला हवा ना! सरबत हळूहळू कमी व्हायचं. उन्हाने आटतं, असं शहाणे म्हणत. म्हणेनात का बापडे!

एका वर्षी कोळंबी उदंड आली. बोटी बर्फासाठी खोळंबल्या. लादी अडकली की दार उघडायचं, आणि मी लाल दिवा लावून थांबायचो. मॅनेजर विरोत मला ‘डबडं’ म्हणू लागला. माझी धूळ पुसणंही बंद झालं. शेवटी त्याने चोमनाटला बोलावलं.

“नोंग, धाकटी बहीण ना तू माझी? ती दाराची आज्ञा काढून टाक. पाती फिरत असतानाच लुंग तेम बांबूने ढोसतील.”

लुंग तेम म्हणजे बर्फ ढकलणारे तेमकाका. ते शेजारीच होते. “ढोसीन की! बांबू संपला की पुढे माझाच हात आहे.”

“नाही काढणार,” चोमनाट म्हणाली.

“मग किल्ली दे. दुसरा कोणीही काढील.”

माझ्या छातीवरची किल्ली फिरवल्याशिवाय डोक्यातली आज्ञा बदलत नाही. चोमनाटने ती उपसली आणि डुबुककन सरबताच्या बाटलीत टाकली. “घ्या.”

विरोतचा हात वाटेतच थबकला. आत्म्याला वाहिलेलं त्याला न विचारता उचलायचं? गळ्यातले ताईत चाचपत त्याने हात जोडले. “महाराज, बाटली घेऊ ना?”

मी लाल दिवा लावला. लखलखीत! तेवढ्यात तेमकाकांनी पलीकडे हळूच दार उघडलं होतं, असं काही जण सांगतात. जळतात माझ्यावर!

“नको म्हणतोय,” तेमकाका म्हणाले.

“गोड बोलून विचारा,” चोमनाट म्हणाली.

त्याने गोड बोलून विचारलं. दिवा लालच.

“अगं, पण बोटवाल्यांना काय सांगू मी?” विरोत रडकुंडीला आला.

“सांगा, बर्फ उशिरा येईल. पण दोन्ही हातांनी उचलून देऊ.”

विरोत पाय आपटत गेला, आणि आज्ञा तशीच राहिली.

आता माझ्या जागी नवा चकचकीत नियंत्रक येणार म्हणतात. येऊ दे. मित्रांनो, मला पुसू नका, खुशाल भंगारात घाला. पण माणसाचा हात वाचवणारी आज्ञा त्याच्या डोक्यात सगळ्यात आधी लिहा. तोवर इथे मी आहे. शिव्या द्या, लाथा घाला. दार उघडलंत की मी थांबणार म्हणजे थांबणार!