काबूलची पेटी

बोरी अरबच्या पंचक्रोशीत सुइणी चार, पण पेटीवाली एकच. मथुराबाई बाळंतपणाला निघाली की जो बोलवायला आला त्यानं पेटी डोक्यावर घ्यायची आणि हिनं रिकाम्या हातांनी पुढं चालायचं, असा शिरस्ता. बाकीच्या सुइणी विळा नाहीतर बांबूची चिपाटी पदरात गुंडाळून जातात, ही आठवण ती वाटेत भेटेल त्याला न चुकता करून देई.

पेटी काळ्या लाकडाची, कोपऱ्यांना पितळ. तिचा नवरा उकंडा, त्याचा आजा पलटणीतल्या डॉक्टर सायबाचा चाकर होता. काबूलच्या लढाईत सायब शिपायांचे सडके पाय कापी, तेव्हा हा पाय दाबून धरी. विलायतेला परतताना सायबानं पेटी त्यालाच देऊन टाकली. आत लाल मखमल, आणि ज्याच्या त्याच्या मापाची खोबण: एक करवत, चार सुऱ्या, चिमटे, मांडी आवळून रक्त थांबवायचा पितळी मळसूत्राचा पट्टा. सुऱ्यांच्या काळ्या मुठींवर बारीक जाळी कोरलेली, रक्तानं हात निसटू नये म्हणून. बाळंतपणात करवतीचं काय काम? पण ती पाहिली की बाळंतिणीची सासू आपली अक्कल शिकवायचं बंद करी, हेही काही कमी काम नव्हतं. नाळ कापायला सगळ्यात लहान सुरी.

आजानं एकच नियम घालून दिला होता: सुरी विस्तवाजवळ न्यायची नाही, तिचं पाणी उतरतं, धार बोथटते. म्हणून मथुराबाई ती गोवरीच्या राखेनं घासे, फडक्यानं पुसे, तेलाचं बोट फिरवी आणि शेणानं सारवलेल्या कोनाड्यात पेटी ठेवून देई. "एवढी निगा माही ठेवली असती तर म्या अजून नवरदेव दिसलो असतो," असं उकंडा चारचौघांत म्हणे.

छप्पन साली वस्ती बुद्धाला शरण गेली. घरोघरचे देव नदीत गेले, सटवीसुद्धा गेली. पेटीवर सासूनं दर दसऱ्याला लावलेला शेंदूर होता. "शेंदूर हाये म्हंजे देव," म्हणत लोक तीही उचलायला लागले, तसा मथुराबाईचा लेक भीमराज आडवा झाला. सातवी पास गडी. "हा देव नाई, हे सायन्स हाये!" रॉकेलच्या बोळ्यानं शेंदूर पुसला गेला. पुढच्या जयंतीला पेटी सताड उघडी करून बैलगाडीवर मिरवली, आणि मथुराबाई तिच्या शेजारी अशी बसली होती की काबूल जणू तिनंच घेतलं.

तिचा हात हलका होता, हे वैरीही कबूल करत. लेकरू धडधाकट जन्मे. पण सातव्या-आठव्या दिवशी एखाद्याचा जबडा मिटे, अंग कमानीसारखं ताणलं जाई, आणि संपे. पूर्वी याला उत्तर होतं: सटवीनं नेलं. ते उत्तर आईला सांगून मथुराबाई घरी येऊन स्वस्थ झोपे. पण सटवीला घराबाहेर काढून तीन वर्षं होत आली, तेवढ्यात सत्तावीस बाळंतपणं झाली आणि नऊ लेकरं गेली. मग नेतं कोण? तांड्यावरची सुईण सुखीबाई बांबूची ताजी चिपाटी सोलून नाळ कापी आणि चिपाटी फेकून देई. तिची पोरं जगत. "तांड्यावरच्या लोकाइचं हाडच दणकट," असं म्हणून मथुराबाईनं तो विषय मिटवला होता.

एकोणसाठच्या उन्हाळ्यात सून इंदूबाई बाळंत झाली. मुलगा. घरचं लेकरू म्हणून मथुराबाईनं सुरी दोनदा घासली, आणि नाळेवर चिमूटभर राखही जरा जास्तच दाबली.

सातव्या दिवशी सकाळी लेकरू दूध ओढेना. इंदूबाईला वाटलं, झोपेत आहे. मथुराबाईनं त्याच्या हिरडीवर बोट ठेवलं, आणि तिला कळलं.

देवी टोचायला आलेली नर्सबाई त्या दिवशी गावातच होती. भीमराजनं तिला घरी आणलं. तिनं लेकराला पाहिलं, आणि नाळ कशानं कापली ते विचारलं. मथुराबाईनं पेटी पुढं केली, तशातही थोडी ताठ होऊन. नर्सबाईनं केसातला आकडा काढून मुठीच्या जाळीत फिरवला. काळी खपली तळहातावर पडली, मग आणखी एक.

"हे उकळता का कधी?"

"उकळलं तर पानी उतरते न बाई."

"आणि राख?"

"गोवरीची. चाळून घेतो मी."

नर्सबाई खाली बसली. "हा धनुर्वात आहे, मावशी. शेणात असतो, राखेत असतो. सुरीवरून नाळेत जातो."

"सटवी नाई?"

"नाही."

नर्सबाई हो म्हणाली असती तर मथुराबाईनं तिचे पाय धरले असते.

यवतमाळची मोटर तीनला होती. लेकरू अडीचला गेलं.

तिसऱ्या दिवशी मथुराबाई घरच्यांपुढं बोलली. "म्या मारलं त्याले. त्याले आन् त्या नऊ लेकराइलेही."

"सायबाच्या सुरीनं लेकरू मरते काय?" उकंडा उसळला. "लढाईत हजार मानसं वाचवले तिनं! थे कालची पोरगी तुले शिकवून राह्यली?"

भीमराजला मात्र पटलं होतं. "आई, हे घराबाहेर बोलू नको. नऊ घरं हायेत. रोज तोंड दाखवा लागते."

आत इंदूबाई छातीला फडकं आवळून बसली होती. दूध थांबत नव्हतं. मथुराबाईला तेच सोसवेना.

आठवडा गेला नाही तोच वस्तीच्या टोकाचा बळीराम धावत आला. "चला काकू, तुळसाच्या पोटात दुखून राह्यलं."

"सुखीबाईले ने बाबू."

"काहून? आमच्याच घरी पेटी येत नाई काय?"

काहून, ते सांगायला तिनं तोंड उघडलं. दारात भीमराज उभा होता. तेवढ्यात बळीरामनं शिरस्त्याप्रमाणं कोनाड्यातून पेटी काढली आणि डोक्यावर घेऊन तो चालूही लागला. मथुराबाई मागून निघाली. पेटीच्या मागून चालायची तिच्यावर ही पहिलीच वेळ. वाटेत कुंपणाचा बांबू दिसला, त्याची एक चिपाटी तिनं सोलून घेतली.

तुळसाबाईचं घर त्या नऊ घरांपैकी एक. पहिलं लेकरू दोन वर्षांमागं पोळ्याला गेलं होतं. कळा जवळ आल्या होत्या, घरात दुसरी बाईमाणूस नव्हती. मथुराबाईनं पाणी उकळून घेतलं, चिपाटी त्यात बुडवली आणि पेटी दाराबाहेर ठेवायला सांगितली.

"हे काय व काकू?" तुळसाबाई कण्हत म्हणाली. "पयल्याले सायबाची सुरी आन् याले चिपाटी? पेटी आना आतमंदी."

"नको माय. चिपाटीच बरी."

"नाई! माहं एक गेलं. याले सुरीच पायजे. आनता का नाई जी?" तिनं नवऱ्याला हाक मारली. बळीराम बाहेरून पेटी घेऊन उंबऱ्यात आलासुद्धा.

मग मथुराबाई बोलली. थोडकंच बोलली. सुरी, राख, जबडा.

तुळसाबाई कण्हायची थांबली. एवढ्या दुखण्यातही तिनं ते सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे माहं लेकरू..."

"हाव."

"सरक! हात नको लावू मले. बाहेर हो!"

मथुराबाई उठली, आणि तेवढ्यात मोठी कळ आली. तुळसाबाईनं ओरडत जमीन ओरबाडली, धरायला काही सापडेना म्हणून शेवटी मथुराबाईचंच मनगट धरलं, नखं रुतेपर्यंत. लेकराचं डोकं दिसायला लागलं होतं. "नको लावू हात," ती ओरडत होती, आणि मनगट सोडत नव्हती.