बोलता येईल असा गिअर

पुढे छत्तीस दाते, मागे अठ्ठावीस

श्रावणात हृदयाचा झटका येऊन गेल्यावर डॉक्टरांनी भास्करला सायकल चालवायची परवानगी दिली ती अशी: "चढावर बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं की उतरायचं." त्याच्या बायकोने, उमेने, ते वाक्य अख्खं मनात ठेवलं. भास्करने त्यातला 'परवानगी' एवढाच शब्द घरी आणला.

सायकल परदेशी, डोंगरात चालवायची, नव्वद सालची. गणपतीपुळ्याच्या लॉजवर कुणी प्रवासी सोडून गेला होता. निवृत्तीनंतर दुरुस्त करू, म्हणून भास्करने ती आणून पडवीत खुंटीला टांगून ठेवली होती. आता सगळे भाग बसले होते, वाद फक्त पुढच्या चेनव्हीलचा, पायडलजवळच्या दातेरी चाकाचा. भाच्याने, अपूर्वने, मुंबईहून सगळ्यात धाकटं पाठवलेलं, चोवीस दात्यांचं, चढ हलका करणारं. ते पिशवीतच पडून; भास्करने छत्तीसचंच बसवलं होतं.

"अगो, चोवीस पुढे नि अठ्ठावीस मागे म्हणजे काय, कळतंय का? पायडल पुरं फिरलं तरी चाक पुरं फिरत नाही! त्यापेक्षा चालत गेलेलं काय वाईट?"

"काहीच वाईट नाही."

"ह्याच भाट्याच्या चढणीवरून मी कॉलेजात असताना नारळांचं पोतं लादून..."

"तेव्हा तुम्ही माझे कुणी नव्हतात. हवं ते करायचंत."

तह झाला. चढण चढून सड्यावरच्या, वरच्या कातळपठारावरच्या, आपल्या आंब्याच्या कलमांपर्यंत जायचं. तो छत्तीसवर, ती शेजारून स्कूटीवर. तिने विचारायचं, त्याने उत्तर द्यायचं. उत्तर थांबलं, की सायकल पुन्हा खुंटीला. कायमची.

चढ

"मोहोर कसा आहे यंदा?"

"बरा आहे. खालच्या चार झाडांना उशीर."

"तुडतुडा?"

"आहे थोडा."

"फवारणीला कोण?"

"भागोजी."

"कधी येतो म्हणाला?"

 

"अहो, कधी?"

 

"माझ्या माहेरच्या पातेल्यात चेन धुतलीत ना, ती कुणाला विचारून?"

 

हा माणूस रागावला की चार-चार दिवस बोलत नसे. हा अबोला होता की दम? तह करताना दोघांपैकी कुणालाच हे सुचलं नव्हतं. तोंड बघावं तर मान खाली, घाम ओघळत असलेला.

तिने स्कूटी त्याच्या पुढ्यात आडवी घातली.

"रागावलायत की दम लागलाय? एक काय ते सांगा."

भास्करने पाय टेकला. खाली खाडीकडे बघितलं. 'राग' म्हणायला त्याने तोंड उघडलेलं तिला दिसलं. आयुष्यभर त्याला तेच सोपं गेलं होतं.

"दम," तो म्हणाला. मग हँडलवर वाकून, "लागला गो."

सायकल खुंटीला, एवढंच आता तिने म्हणायचं होतं. ओठांवर आलंही. पण हा शब्द त्याच्या तोंडून तिने पहिल्यांदा ऐकला होता, आणि त्याची शिक्षा करणं तिला जमेना.

"उद्या धाकटं बसवा," ती म्हणाली.

पुढे चोवीस, मागे अठ्ठावीस

पाय गरागरा. सायकल गोगलगाय. एवढ्या हळू स्कूटी चालेना, डुलायला लागली. उमेने ती कडेला स्टँडवर लावली, पदर खोचला आणि शेजारून चालू लागली.

आणि भास्कर बोलत होता. भागोजीच्या पंपावर बोलला, तालुक्याच्या रस्त्यांवर, मेहुण्याच्या कंजूषपणावर. एसटी भोंगा वाजवत गेली तेव्हा ड्रायव्हरच्या खानदानावरही बोलला. चाक पुरं फिरत नव्हतं आणि वाक्यं पुरी होत होती.

उमा दोन पावलं मागे पडली, मग दहा. हाक मारावी असं वाटलं. नाही मारली. तो वळणाआड गेला. आवाज मात्र येतच राहिला.

"...नि आपल्या बागेचा गडगा दोन ठिकाणी ढासळलाय, चिरे आणवायला हवेत, ऐकत्येस ना?"

"ऐकत्ये!" ती ओरडली, आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसली.