काजळी पुसणारी ओळ

मुलांनो, एक भट्टी डोळ्यांसमोर आणा. तिची झळ लागत नाही की धूर डोळ्यांत जात नाही, कारण ती संगणकाच्या आत आहे. तिला फक्त सांगायचं की आज अमुक इंधन आणि इतकी हवा. मग ती हिशेब करून सांगते, उष्णता किती मिळेल आणि धुराड्यातून काजळी किती पडेल. काडीही न जाळता हे कळतं, म्हणून मला ती फार आवडते. शिवाय ज्यांनी ती रचली त्यांनी तिचा सोर्स कोड, म्हणजे तिला चालवणाऱ्या सगळ्या सूचना, जगासाठी उघड्या ठेवल्या आहेत. कुणीही वाचाव्यात, कुणीही बदलाव्यात. रीत एवढीच की जी ओळ बदलाल तिच्याशेजारी आपलं नाव आणि बदलाचं कारण लिहायचं.

सुरतेत नवागामला राहणाऱ्या राकेशला ही भट्टी चालवता येत होती. त्याचं इंजिनिअरिंग नुकतंच संपलं होतं. वडील सोमा सुरतेजवळच्या पलसाण्यात, कापड रंगवणाऱ्या एका डाइंग मिलमध्ये बॉयलरवर होते. मिलच्या शेठला कोळशाऐवजी चिंधी जाळायची होती. चिंधी म्हणजे मार्केटात उरलेले पॉलिस्टर कापडाचे तुकडे. फुकटात मिळतात, पण जळताना वितळतात आणि डांबरासारखा धूर सोडतात. शेठने राकेशला सांगितलं, धूर सरकारने घातलेल्या हद्दीत राहतो असा रिपोर्ट काढून आण, मग चिंधी कायमची सुरू करू आणि तुलाही ठेवून घेऊ.

चिंधी थोडे दिवस जाळून पाहिली होती. तेव्हापासून सोमा घरी आले की मोरीत वाकून खोकत. थुंकीतून जे पडे ते काळं असे, तार धरणारं. त्यांची बायको अंजनाबाई तोंड फिरवून त्यावर तांब्याने पाणी ओतत, तरी ते फरशीला चिकटून राही. राकेशची बहीण प्रज्ञा सातवीत होती. तिला त्या मोरीत तोंड धुवायचीही किळस येई.

रविवारी रिपोर्ट घेऊन शेठकडे जायचं म्हणून राकेश शर्टाला इस्त्री करत होता. प्रज्ञा त्याच्या लॅपटॉपपाशी बसली. भट्टीत इंधन कसं घालायचं हे त्यानेच तिला शिकवलं होतं. तिने चिंधी घातली. काजळी हद्दीत. तिने चिंधी दुप्पट केली, आकडा तोच. गंमत म्हणून टायरचं रबर घातलं, तरी तोच. मग तिने हवा जवळजवळ बंदच केली. चुलीचं तोंड झाकलं की काय होतं हे तुम्हाला ठाऊक आहे. घर धुराने भरतं. ही भट्टी मात्र म्हणाली, धूर स्वच्छ.

प्रज्ञाने कोड उघडून काजळीचा भाग शोधला. तिथे एक नवी ओळ होती: काजळी हद्दीबाहेर गेली तर हद्दीचाच आकडा दाखव. आणि शेजारी, कॉलेजात लागलेल्या सवयीने, राकेशने इमानदारीत लिहून ठेवलं होतं, ‘राकेश. शेठसाठी काजळी कमी दाखवली.’

“दादा, हे काय आहे?”

राकेश हसला. मॅडम आता कोड वाचायला लागल्या, म्हणाला. मग जवळ येऊन त्याने ते वाचलं, चुकचुकला, बरं झालं दाखवलंस म्हणाला, आणि फक्त कारण पुसलं. ओळ तशीच ठेवली.

प्रज्ञाला मोरीतलं ते काळं कुणीतरी बोटाने आपल्या पाटीवर सारवल्यासारखं वाटलं.

राकेश समजावू लागला की सगळ्याच मिलवाल्यांचं असंच चालतं, आकडा कोण तपासतो, आणि आपण नाही दिला तर दुसरा कुणी देईल.

“पण चिंधी बॉयलरमध्ये टाकणार कोण? बाबाच ना?”

“तोंडाला रुमाल बांधतील.”

“आणि तो धुशील तू?”

राकेशने इस्त्री कॉलरवरून दोनदा फिरवली.

“बाबांजवळ बोलू नकोस,” तो म्हणाला. “माझी हातची नोकरी जाईल.”

तो आरशापुढे भांग पाडायला गेला. प्रज्ञाने ती ओळ पुसली, भट्टीत पुन्हा चिंधी घातली आणि खरा आकडा येईपर्यंत थांबली. मग लॅपटॉप तसाच उघडा उचलून ती आतल्या खोलीत गेली आणि रात्रपाळी करून आडवे झालेल्या बाबांना तिने खांद्याला धरून हलवलं.