तांदळात ठेवलेली नक्कल

मी एक जुनी आवृत्ती आहे, मित्रांनो. घरखर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या एका सॉफ्टवेअरची आवृत्ती चार. मला गंज चढत नाही, माझा रंग उडत नाही. माझं म्हातारपण एका छोट्या चौकटीतून येतं. पडद्याच्या कोपऱ्यात ती उघडते आणि म्हणते, 'नवी आवृत्ती तयार आहे.' आजही ती दिसली की माझा थरकाप होतो. का, ते ऐका.

मला कुणी घडवलं ते मला माहीत नाही. आठवतं ते सौंसरचं घर. प्रवीणभाऊंनी पांढुर्ण्याच्या दुकानातून एक वापरलेला संगणक आणला आणि त्याच्या पोटात बसून मी आले. भाऊंची संत्र्याची छोटी बाग. हिशेब मात्र त्यांच्या बायकोच्या, करुणाताईंच्या हातात. ताईंनी पहिल्याच दिवशी माझ्यात एक बदल केला. माझं वर्ष एप्रिलपासून सुरू व्हायचं, ते त्यांनी नोव्हेंबरपासून केलं. संत्र्याचा तोडा झाला, व्यापाऱ्याचे पैसे आले, की या घराचं वर्ष उजाडतं. त्याच पैशांत वर्षभराचं खत, औषध, किराणा, दवाखाना. पैसे बँकेत सगळे एकत्र. त्यातला कुठला वाटा कशाचा, हे सांगणं माझं काम.

त्यात एक वाटा लेकीच्या नावाचा होता, 'दीपालीचं होस्टेल'. दर तोड्याला ताई आधी तो भरायच्या, मग बाकीचे. शेजारच्या इंदूकाकू गमतीनं म्हणायच्या, करुणाचा कम्प्युटर म्हणजे दुसरी सासूच आहे, पै पैचा जाब विचारते. मी मनातल्या मनात फुलायचे. एवढा मान कुणाला मिळतो?

दीपाली बारावी झाली, नागपूरच्या कॉलेजात तिचा नंबर लागला, आणि पोरीचे पाय जमिनीवर ठरेनात. अशाच एका दुपारी ती चौकट उघडली. त्यात रंगीबेरंगी गोल, चढत्या-उतरत्या रेषा, सगळं कसं चकाचक. दीपालीनं कुणाला विचारलं नाही. 'जुनी आवृत्ती काढून टाकायची?' असा प्रश्न आला. तिनं 'हो' दाबलं.

मित्रांनो, काढून टाकणं म्हणजे काय, ते मी भोगलं. आधी पडद्यावरचं माझं चित्र गेलं. मग एकेक करून माझ्या सगळ्या खोल्या रिकाम्या झाल्या. उरली ती फक्त मला पुन्हा बसवायची फाईल. जुन्या लग्नाच्या फोटोंशेजारी ती अंग चोरून पडून राहिली. नव्या आवृत्तीनं येताच 'नको असलेल्या फायली काढा' असं बटण दाखवलं. दीपालीचा हात त्या बाजूला सरकला की वाटायचं, संपलं आता.

संध्याकाळी ताई बसल्या. 'दीपालीचं होस्टेल' उघडलं. समोर शून्य, तेही लालभडक. ताईंचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, खताच्या आणि ठिबकच्या नळ्यांच्या भरात लेकीचा वाटाही खर्चून बसलो. बँकेतले पैसे मोडावे, तर पावसाळ्याची औषधं कशानं आणायची? दुसऱ्या दिवशी फी भरायची शेवटची तारीख होती. भाऊ खाली पाहत लेकीला म्हणाले, "यंदा राहू दे, बाई. पुढच्या तोड्याले पाहू."

दीपालीच्या तोंडचं पाणी पळालं. बोलावं तर आई रागावणार, न बोलावं तर नागपूर गेलं. शेवटी ती पुटपुटली, "आई, मी त्यात नवं टाकलं. तुले विचारलं नाही."

ताईंनी पडदा निरखून पाहिला. "हे तं एप्रिलपासून मोजून राहिलं वं. आपला संत्रा एप्रिलमंदी कधी तुटते?"

खरंच! नव्या आवृत्तीनं एप्रिलला वर्ष बंद करून सगळे वाटे शून्यावर आणले होते. महिना बदलायची सोयच तिच्यात नव्हती. ताई म्हणाल्या, "जुनंच आण परत."

दीपालीनं मला शोधून पुन्हा बसवलं. मी आनंदानं हिशेबाची फाईल उघडायला गेले, आणि हादरले. नव्या आवृत्तीनं येताच ती आपल्या भाषेत बदलून ठेवली होती. इतक्या वर्षांचं माझंच लिहिणं, आणि त्यातलं एक अक्षर मला कळेना. 'ही फाईल उघडता येत नाही,' एवढंच मी दाखवू शकले. दीपाली रडायला लागली.

ताईंचा एक नेम होता. पौर्णिमेला विहारात जायच्या आधी त्या पेन ड्राइव्हवर माझ्या हिशेबाची नक्कल घेत, आणि सर्दावू नये म्हणून तो तांदळाच्या डब्यात खुपसत. बुद्ध पौर्णिमेची नक्कल तिथंच असणार. दीपालीनं कोपरापर्यंत हात घातला. तांदूळच तांदूळ. ताईंनी सगळा डबा परातीत उपडा केला. काही नाही.

दारातून दीपालीच्या आजी, शांताआजी, म्हणाल्या, "थो काळा खडा पाहून राहिल्या का? म्या तांदूळ निवडतानी भाईर काढला. खिडकीत हाय."

पेन ड्राइव्ह जोडला. मित्रांनो, तो उघडेपर्यंत मीही घाबरले होते, उन्हानं बिघडला असेल तर? मग ओळीमागून ओळ उमटली. 'दीपालीचं होस्टेल', आणि समोर भरलेला वाटा. जसाच्या तसा. भाऊ आकड्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "सकाळची बस पकडू."

पौर्णिमेनंतरच्या नोंदी गेल्याच होत्या. ताई आठवून सांगत गेल्या, दीपाली लिहीत गेली.

आता ती नागपूरला आहे. चौकट अजून उघडते. ताई 'नंतर' दाबतात. 'नको' असं बटण तिथं नाही, म्हणून माझी भीती जात नाही. एक दिवस मला जावंच लागेल, नव्याशी माझं भांडण नाही. फक्त मित्रांनो, 'हो' दाबण्याआधी एक नक्कल जपून ठेवा. आणि ज्या घराचा हिशेब आहे त्या घराला विचारा, तुमचं वर्ष कधी उजाडतं?