गुरूच्या पोटातली भर

मी एक जुना गुरू ग्रह आहे. हसू नका मित्रांनो! आकाशातला नव्हे, या विज्ञानभवनाच्या मोठ्या दालनात तुळईला टांगलेला, कागदाच्या लगद्याचा. तुम्ही आत्ता ज्या बाकांवर बसला आहात, त्यांच्या बरोबर वर मी आहे.

मला घडवलं एका म्हाताऱ्या सुताराने. माणूस भारी तऱ्हेवाईक. "जसा ग्रह, तसा माल," हा त्याचा हट्ट. बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ दगडाधातूचे, म्हणून त्यांचे भरीव लोखंडी गोळे. युरेनस आणि नेपच्यून बर्फाळ, म्हणून त्यांना निळसर काच. शनी आणि मी म्हणजे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम, पाय टेकायला धड जमीनसुद्धा नाही. म्हणून आम्हाला वेताचा सांगाडा, वर लगदा आणि आत नुसती हवा. पृथ्वी लिंबाएवढी झाली, बुध बोराएवढा, आणि मी पृथ्वीच्या अकरा पट रुंद! तरी सुताराने मला एका हाताने उचललं आणि माझ्या वजनाला पुरेल असा बारीकसा हूक तुळईत बसवला.

माहिती सांगणाऱ्या ताईंचा मी फार लाडका. त्या मुलांना विचारायच्या, "यातला सगळ्यात जड गोळा कोणता?" मुलं एका सुरात ओरडायची, "गुरू!" मग ताई लांब काठीने मला हळूच ढोसायच्या आणि मी पाळण्यासारखा झुलायचो. मुलांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे.

"दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं," ताई म्हणायच्या. "खरा गुरू बाकीच्या सगळ्या ग्रहांपेक्षा जड आहे बरं का, पण तो अवाढव्य आहे म्हणून. त्याचा आणि पृथ्वीचा एकाच मापाचा तुकडा तोललात, तर पृथ्वीचा चौपट भरेल."

किती वर्षं गेली सुखात! मग एकदा ताई मुलीच्या बाळंतपणासाठी रजेवर गेल्या, आणि तेवढ्यात नव्या साहेबांनी दालन रंगवायला काढलं. मला खाली उतरवलं होतं. साहेबांनी माझ्यावर टकटक केली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"अहो, हा तर पोकळ आहे! एवढा मोठा ग्रह आणि आत काहीच नाही? पाहुणे म्हणतील, बडा घर पोकळ वासा. भरा याला!"

रंगारी चाचरला. "साहेब, पण वरचा हूक..."

"हुकाला काय धाड भरलीय?"

झालं! माझ्या पाठीला भोक पाडून निम्म्या पोटापर्यंत प्लास्टर ओतलं. मला परत चढवताना दोन माणसांना घाम फुटला. भोक बुजवलं, वर छान नारिंगी पट्टे रंगवले. रंगारी दुसऱ्या कामावर गेला, साहेबांची बदली झाली. ताई परत आल्या, तेव्हा त्यांना कोणी अवाक्षर सांगितलं नाही. "काय देखणा झालायस रे!" असं त्या कौतुकाने म्हणाल्या, आणि मला रडू कोसळलं असतं, पण लगद्याला डोळे कुठले?

तेव्हापासून हुकाचं वाकडं टोक थोडं थोडं उघडतंय. ताईंनी ढोसलं की मी जेमतेम हलतो आणि ते कुरकुरतं. हुकाभोवतीच्या तुळईतून बाकांवर लाकडाचा भुसा पडतो. झाडणाऱ्या मावशी तो रोज पुसतात आणि म्हणतात, "वाळवी लागली वाटतं मेली." परवा तर मी हललोच नाही, ताईंची काठीच वाकली. "अगंबाई, हातात जोर राहिला नाही माझ्या," असं म्हणून त्या हसल्या, आणि दोन्ही हातांनी त्यांनी मला लोटलं. मी झुललो, आणि कितीतरी वेळ मला थांबताच येईना. खाली चाळीस डोकी होती. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय, ते मला विचारा.

मित्रांनो, एखादी वस्तू दुरुस्त केलीत, तर काय केलंत ते पुढच्या माणसाला सांगून जा. आणि आमची निगा राखायची, तर नुसता रंग बघू नका, कधी आमचा भार कशावर आहे तेही बघा.

माझा आवाज तुमच्यापर्यंत पोचतोय का? ताईंनी जड गोळ्याचा प्रश्न विचारला, तुम्ही उत्तरही दिलंत. त्या हसताहेत, आणि आज त्यांनी पहिल्यापासूनच काठी दोन्ही हातांत धरली आहे. पुढच्या बाकावरच्या मुली, वर बघ. अगं, एकदा तरी वर बघ!